धुराची वाट

असल्फ्याच्या टेकडीखाली किशोरभाईंचा गाळा होता. तिथं लाकडाच्या वस्तू तयार होऊन परदेशी जात. दागिन्यांचे डबे, बुद्धिबळाच्या सोंगट्या, टेबलावरचे दिवे. आणि मागच्या कोपऱ्यात, धाकू मेस्त्रींच्या लेथवर, तंबाखू ओढायचे पाईप.

नलिनी त्या कोपऱ्यात पॉलिशला होती. परळची गिरणी संपात बंद पडून वर्ष उलटून गेलं होतं. तिचा नवरा जयवंत त्या गिरणीत विणकर. सकाळी तो सभेला जायचा आणि दुपारी परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. घर चालवायला नलिनी बाहेर पडली. मेस्त्रींनी घडवलेला पाईप तिच्याकडे यायचा, ती तो बारीक पॉलिश पेपरने घासायची, रंग द्यायची आणि मेण लावून चमकवायची.

लाकूड ब्रायरचं असायचं. दूर समुद्रापलीकडे वाढणाऱ्या कुठल्याशा झुडपाच्या मुळावरची ती गाठ. आतल्या विस्तवाने ती सहसा जळत नाही, म्हणून चांगल्या पाईपाला तीच लागते. तिचे कापलेले ठोकळे पोत्यातून यायचे. कोरडे, मळकट, दिसायला सुक्या सुरणासारखे. पण घासता घासता आतल्या रेषा वर यायच्या, आणि नलिनी घासायची थांबून बघत राहायची.

ती सावंतवाडीची. तिचे वडील लाकडी खेळणी कातायचे. लहानपणी त्यांच्या लेथची दोरी नलिनीच ओढायची. पण पटाशी कधी तिच्या हातात आली नाही. कातायचं पुरुषांनी, रंग द्यायचा बायकांनी, असा त्यांच्या घरचा रिवाज. मुंबईत येऊनही तिच्या वाट्याला रंगच आला होता.

मेस्त्रींना तिने दोनदा विचारलं. मेस्त्री मालवणकडचे, साठीला टेकलेले. फोर्टातल्या एका साहेबाच्या दुकानात तरुणपणी हे काम शिकलेले. एरवी मुंबईचं मराठी बोलायचे, राग आला की मालवणीवर यायचे.

"ह्यो बाईमाणसाचो धंदो नाय गो," ते म्हणाले. "पदर, केस, बांगड्या. लेथ कोणाक ओळखना नाय."

पुढे तिने विचारलं नाही. पण त्यांचे हात ती बघत राहिली. ठोकळा लेथच्या फिरत्या पकडीत, चकमध्ये, कसा धरायचा, तंबाखूची वाटी कशी कोरायची, आणि मग दांडीच्या टोकातून बारीक भोक कसं आत न्यायचं. मेस्त्री त्या भोकाला धुराची वाट म्हणायचे. ती वाट वाटीच्या बरोबर तळाला, मधोमध उघडली पाहिजे. जरा वर उघडली तर खाली ओली तंबाखू राहते, जरा खाली गेली तर लाकूड वाया. आतलं काही दिसत नाही. सगळा अंदाज हाताचा.

त्या दुपारी मेस्त्री चहाला गेले होते. बाकीचे कामगार पुढच्या बाजूला पेट्या भरत होते. लेथवर अर्धा कोरलेला ठोकळा तसाच होता. नलिनीने पदर कमरेला घट्ट खोचला, इकडे तिकडे बघितलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

पटाशी लाकडाला लागली तेव्हा तिच्या मनगटापर्यंत एक बारीक थरथर आली. भुसा तिच्या हातावर उडाला, ऊन ऊन. ती थोडी पुढे वाकली. वाटीच्या आत बघायचं म्हणून अजून थोडी वाकली.

पदर सुटला होता, ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा मान खाली खेचली जात होती. चकभोवती साडी गुंडाळली जात होती, खांद्यावरची पिन तुटून उडाली, आणि तिचा चेहरा फिरणाऱ्या लोखंडाकडे ओढला जात होता. तिने दोन्ही हात लाकडी पाटावर रोवले. बटण भिंतीवर होतं, हात पोचत नव्हता. ओरडायला गेली तर गळ्याशी साडी आवळलेली.

मेस्त्री दारात आले होते. बटणापर्यंत जायचं तर लेथला वळसा घालावा लागला असता. त्यांनी तो घातला नाही. ते सरळ मोटरकडे आले आणि पट्टा उतरवायचा दांडा लोटला, पण घाईत हात चालू पट्ट्यात गेला. पट्ट्यावर लोखंडी जाळीचं झाकण असायला हवं होतं. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, कारण वेग बदलताना दर वेळी ते काढायचा मेस्त्रींना कंटाळा यायचा.

पट्टा सुटला. लेथ थांबला. नलिनी खाली कोसळली, आणि तिने वर बघितलं तेव्हा मेस्त्री उजवा हात पोटाशी धरून उभे होते. त्यांचा सदरा लाल होत होता.

राजावाडी इस्पितळात नेलं. अंगठ्याजवळची दोन बोटं काढावी लागली.

बाहेरच्या बाकावर मेस्त्रींची बायको रुक्मिणी येऊन बसली होती. बारीक अंगाची, केस पूर्ण पांढरे. शेजारी त्यांचा मुलगा बाळा. नलिनी फाटक्या साडीवर कुणाचं तरी उपरणं घेऊन कोपऱ्यात उभी होती, गळ्यावर काळानिळा वळ. रुक्मिणीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तूच काय ती?" तिने विचारलं.

नलिनीने मान हलवली. रुक्मिणीने तोंड फिरवलं.

घरी जयवंत म्हणाला, "झालं ना समाधान? आता त्या गाळ्यात पाय ठेवायचा नाही."

पुढचे कितीतरी दिवस ती स्वयंपाक करायची, पाणी भरायची आणि उरलेला वेळ उंबऱ्याशी बसून राहायची. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला तरी त्या मोटरचा आवाज आल्यासारखी ती दचकायची.

टाके निघाल्यावर एका सकाळी मेस्त्री टेकडी चढून नलिनीच्या घरी आले. दम लागला होता. हाताला पांढरं फडकं. जयवंत घरीच होता. नलिनीने पाणी दिलं, ते त्यांनी डाव्या हाताने घेतलं आणि थोडं सांडलं.

"किशोरभाई माझा कोपरा बंद करतोय," ते म्हणाले. "परदेशी गिऱ्हाइकाने नमुने मागितलेत. त्याचा माणूस स्वतः बघायला येणार. नमुने झाले तर काम चालू, नाहीतर लेथ भंगारात. ते नमुने तू करायचे."

"मला येत नाही मेस्त्री."

"तुका येना नाय, ता माका ठावक हा. शिकशीत."

जयवंत उठून बसला. "ती कुठे जाणार नाही. एकदा मरता मरता वाचली."

मेस्त्रींनी फडक्यातला हात गुडघ्यावर ठेवला. जयवंतकडे न बघताच ते नलिनीला म्हणाले, "माझा हात गेला तो तुझ्यापायी. आता तुझा हात माझा. उद्या सकाळी चेंबूरला ये."

जयवंत परत भिंतीकडे तोंड करून पडला. नलिनीने दुसऱ्या दिवशी चेंबूरची बस धरली.

मेस्त्रींचं घर चेंबूरच्या पुढे, माहुलच्या रस्त्याला. तळमजल्याची एक खोली आणि बाजूला पत्र्याची पडवी. पडवीत त्यांचा जुना लेथ होता. समोर रिफायनरीच्या चिमणीवर दिवसाही ज्योत जळत असायची, आणि वारा फिरला की पडवीत गॅसचा उग्र वास भरायचा. नलिनी आली की रुक्मिणी चहाचा कप पडवीच्या पायरीवर ठेवून आत जायची. हातात कधी दिला नाही. बाळा खाटेवर रेडिओ लावून बसलेला असायचा. पंचविशी उलटलेला, दोन ठिकाणच्या नोकऱ्या सोडून घरी आलेला. "बाबांचा नवा हात आला," तो म्हणायचा, आणि स्वतःच हसायचा.

पहिल्या दिवशी मेस्त्री म्हणाले, "पदर मोकळा चालायचा नाही. आणि बांगड्या काढ."

जयवंतचा गिरणीतला अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट तिने साडीवरून घातला, पदर आत घट्ट गुंडाळला, केसांना फडकं बांधलं. बांगड्यांपाशी तिचे हात थांबले. लग्न झाल्यापासून मनगट कधी मोकळं राहिलं नव्हतं.

"नवरा जिवंत आहे मेस्त्री माझा."

"तो जिवंत ऱ्हवांदे. तू पण ऱ्हव."

तिने बांगड्या काढल्या आणि रुमालात बांधून ठेवल्या. संध्याकाळी निघताना परत चढवायची. एक दिवस विसरली. ती ताट वाढत असताना जयवंतने तिचे हात बघितले. त्याने ताट सरकवलं.

"मी मेलोय का?"

"अहो, कामाला काढाव्या लागतात. रुमालात आहेत."

"गिरणी बंद आहे, मी बंद नाही झालो अजून," तो म्हणाला आणि न जेवता बाहेर गेला. नलिनीने रुमाल सोडला. घाईत घालताना एक बांगडी फुटली, आणि काच मनगटात घुसली. रक्त पुसत ती तशीच बसून राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उद्या ह्या मनगटाने पटाशी धरता येईल का, एवढंच डोक्यात होतं.

शिकणं म्हणजे मेस्त्रींचा आवाज. ते मागे स्टुलावर बसायचे आणि बोलायचे. कोपर खाली. श्वास रोखू नको. लाकडाला ढकलू नको, त्याला येऊ दे. पण सगळ्यात आधी बटण दाबायचं होतं, आणि तेच तिला जमत नव्हतं. बटणापर्यंत नेलेलं बोट ती परत मागे घ्यायची.

"हात हालता हा तुझो," मेस्त्री म्हणायचे.

"हो."

"कित्याक?"

ती पदर पुन्हा आत खोचायची. मग ते उठून स्वतः डाव्या हाताने बटण दाबायचे आणि परत जाऊन बसायचे. हे बरेच दिवस चाललं.

वाटी कोरणं तिला लवकर जमलं. बाहेरचा आकार कानसेने घासणं तर तिच्या हातातच होतं. दांडीला तोंडात धरायची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, काळी नळी बसवायची, मेणबत्तीवर ऊन करून तिला बाक द्यायचा, तेही आलं. अडलं ते धुराच्या वाटेपाशी. ठोकळ्यावर पेन्सिलीने रेघ मारायची, त्या रेघेच्या तिरक्या अंदाजाने दांडीतून बारीक गिरमिट आत न्यायचं. रेघ बाहेर, वाट आत. भोक पडलं की मेस्त्री डाव्या हाताने त्यातून तार घालायचे आणि वाटीत बघायचे. तार तळाच्या वर निघाली की तो ठोकळा बाद. मेस्त्री तो पायरीच्या दगडावर ठेवून हातोडीने फोडायचे.

पहिल्यांदा ती म्हणाली, "थोडंच चुकलंय. ओढता येईल ना?"

"ओढता येईल," ते म्हणाले आणि फोडला.

नवीन पोतं यायचं नाव नव्हतं. परदेशी माल सोडवायला किशोरभाईंची खटपट चालू होती, पण कधी येईल ते सांगता येत नव्हतं. गाळ्यातून आणलेल्या, पडवीतल्या पोत्याचं तोंड रोज आणखी खाली लोंबायला लागलं. नलिनी सकाळी आली की आधी त्या पोत्याकडे बघायची. रुक्मिणी फुटलेले तुकडे केरसुणीने गोळा करून चुलीत घालायची. ते जळायचेही नाहीत लवकर.

एक दिवस तार बरोबर तळाला, मधोमध निघाली. नलिनीने ती स्वतः परत घालून बघितली. मेस्त्रींनी ठोकळा उजेडात धरला, दांडीतून डोळा लावला आणि तिच्याकडे परत दिला.

"दुसरो घे," ते म्हणाले.

त्यानंतर चुका कमी होत गेल्या. बटणही ती स्वतः दाबायला लागली. भीती गेली नव्हती, पण तिला आता ठरलेली जागा होती. मोटर सुरू होताना यायची, आणि पटाशी लाकडाला लागली की मागे राहायची. नमुन्यांचे पाईप तयार होत गेले. सरळ दांडीचे, बाकदार, बसक्या वाटीचे. फक्त एक राहिला, उंच वाटीचा, सगळ्यात कठीण. पोत्यात त्याच्या मापाचा एकच ठोकळा उरला होता.

"तो गाळ्यात करू," मेस्त्री म्हणाले. "परवा तो माणूस येतोय. त्याच्या समोर."

बाळा खाटेवरच होता. त्याने रेडिओ बारीक केला.

"किशोरभाईचं म्हणणं आहे, लेथपाशी बाळाला उभा करायचा. कारागीर म्हणून. नाव त्याचं सांगायचं. बाई दिसली तर गिऱ्हाईक बिचकेल. भोक तू आधीच पाडून ठेव, तो नुसता फिरवल्यासारखं करेल. पुढे पण तसंच. काम तुझं, जागा बाळाची. घरात एक नोकरी राहील."

नलिनी ऐकून घेत होती. हातातली कानस तिने पाटावर ठेवली.

"तुम्ही हो म्हणालात?"

"माझा मुलगा आहे गो."

"मी कोण?"

मेस्त्री म्हणाले, "तुझ्यामुळे माझी बोटं गेली, ते विसरू नको."

इतके महिने ती हे वाक्य ऐकत आली होती. कधी शब्दांत, कधी नुसतं त्या हाताकडे बघून. दर वेळी तिची मान खाली गेली होती. आज गेली नाही.

"विसरले नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मी तुम्हाला न विचारता लेथ चालू केला. पदर माझा होता. ते माझं. पण पट्ट्यावर झाकण असतं तर तुमचा हात आत गेला नसता. झाकण तुम्ही काढून ठेवलं होतं. सगळ्या गाळ्याला माहीत आहे. कुणी बोललं नाही, मीही बोलले नाही. तुम्ही माझा जीव वाचवलात म्हणून गप्प राहिले. माझ्या वाटणीचं मी फेडते आहे. तुमच्या वाटणीचं माझ्यावर घालू नका."

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. बाळा उठून उभा राहिला. "ए, कुणाशी बोलतेस?"

"तू बस," मेस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. नलिनीने शर्ट काढला, घडी घालून पिशवीत टाकला, रुमाल उचलला आणि निघाली. पायरीवर चहाचा कप होता. तो तिने ओलांडला.

बसमध्ये तिने रुमाल सोडला आणि बांगड्या एकेक करून चढवल्या. शेवटची चढली तेव्हा घाटकोपर आलं होतं.

घरी तिने जयवंतला सगळं सांगितलं. तो ओरडेल, किंवा बरं झालं म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तो नखाने जमीन खरवडत राहिला.

"शर्ट कुठे ठेवलास?" त्याने विचारलं.

"पिशवीत."

"दे. धुवून टाकतो. परवा लागेल ना?"

"जाऊ म्हणता?"

"मला काय विचारतेस? गिरणीतला साचा, माझा माग, माझ्या हातातून गेला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तुझ्या हातात आहे तोवर तू ठरव."

गिऱ्हाइकाचा माणूस यायच्या दिवशी बांगड्या घरीच काढून, धुतलेला शर्ट साडीवरून घालून ती गाळ्यात पोचली. लेथपाशी बाळा असेल, अशी तिची खात्री होती. तसं असेल तर दारातूनच परत फिरायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. लेथपाशी कोणी नव्हतं. मेस्त्री कोपऱ्यातल्या पेटीवर बसले होते. किशोरभाई त्यांच्यासमोर उभे राहून हळू आवाजात भांडत होते.

"मेस्त्री, तुमी मला शब्द दिला होता."

"चुकीचा दिला," मेस्त्री म्हणाले. "ती करेल. नसेल चालत तर मोटर काढून न्या."

किशोरभाईंनी नलिनीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, कपाळ पुसलं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला.

गिऱ्हाइकाचा माणूस उंच, खांद्यात वाकलेला गोरा होता. तयार नमुने त्याने एकेक करून हातात घेतले, दांडीतून तार घालून बघितली, खिडकीशी जाऊन रेषा बघितल्या. मग लेथकडे बोट केलं. किशोरभाईंनी त्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तो नलिनीकडे वळला, जरासा चकित झाला, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

पट्ट्यावर झाकण बसवलेलं होतं. नलिनीने ते बघितलं आणि बटण दाबलं.

वाटी नीट कोरून झाली. तिने ठोकळा काढून रेघ मारली, फिरवून पुन्हा धरला आणि गिरमिट दांडीच्या टोकाला लावलं. पेट्या भरणारेही थांबले होते. अर्ध्या वाटेवर गेल्यावर तिच्या हाताला काहीतरी खरखरीत लागलं. आवाज बदलला. ब्रायरच्या पोटात कधी कधी वाळूचा खडा असतो. मूळ वाढताना तो आत घेतं, आणि बाहेरून त्याचा पत्ता नसतो. मेस्त्रींनी सांगितलं होतं, पण तिच्या हाताखाली तो पहिल्यांदाच आला होता. तसंच पुढे नेलं तर गिरमिट खड्यावरून घसरणार आणि वाट वाकडी होणार. थांबलं तर दुसरा ठोकळा नाही.

तिने मोटर बंद केली.

मेस्त्री पेटीवरून अर्धे उठले. त्यांनाही आवाज कळला होता. त्यांचं तोंड काही सांगायला उघडलं. मग ते परत खाली बसले आणि हात मांडीखाली दाबून धरला.

किशोरभाई पुटपुटले, "वाट लागली."

नलिनीने गिरमिट बाहेर काढलं. ठोकळा सोडवून कानाशी धरला, हलवला, उगाचच. घाम डोळ्यात येत होता, तो तिने दंडाने पुसला. खडा कुठल्या अंगाला आहे ते हाताला आठवत होतं. वरच्या, उजव्या. तिने तासणीने दांडीची वरची बाजू थोडी उघडी केली. आणखी थोडी. लाकडात काळा ठिपका दिसला. सुईने तिने तो खडा उकरून काढला. तिथं बारीक खळगा राहिला, पण आतली वाट मोकळी होती. ठोकळा पुन्हा चकमध्ये धरून तिने आधीच्याच भोकात गिरमिट घातलं. आता खरखर नव्हती. लाकूड येत होतं. ती श्वास घेत राहिली. कोपर खाली. आणि मग हाताला रिकामं लागलं.

तार तिने घातली नाही. गोऱ्या माणसाकडे ठोकळा दिला. त्याने स्वतः घातली. तळाला, मधोमध.

त्याने तो खळगा अंगठ्याने चाचपला आणि मान हलवली. हा नको. बाकीचे चालतील, आणि हे काम करणारा हातही चालेल, असं तो किशोरभाईंना म्हणाला. किशोरभाईंनी ते मराठीत सांगितलं, दोनदा. नलिनीला पहिल्यांदा ऐकूच आलं नव्हतं. ती लेथला धरून उभी होती.

कोपरा चालू राहिला. पुढच्या महिन्यात ब्रायरची पोती आली आणि लेथवर नलिनी बसली, तिच्या नावाने. बाळा काही दिवस तोंड चुकवत होता, नंतर रिक्षा चालवायला लागला. जयवंत गिरणी सुरू होईल म्हणून आणखी बरेच महिने थांबला. मग एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. मनगटात परत बांगड्या आल्या, पण रविवारच्या.

नाकारलेला पाईप मेस्त्रींनी स्वतःकडे ठेवला. खळग्याच्या जागी त्यांनी तिला लाख भरायला लावली. नंतर एक दिवस दुपारी गाळ्याच्या पायरीवर बसून त्यांनी तो भरला आणि पेटवला. नलिनी आत काम करत होती.

"ओढ बरी हा," ते बाहेरूनच म्हणाले. त्यांच्याकडून याहून जास्त तिला कधीच ऐकायला मिळालं नाही. त्यांनी हात गेल्याचं नावही पुन्हा काढलं नाही.

पावसाळा संपल्यावर मेस्त्री तापाने घरीच होते. एका सकाळी रुक्मिणी एकटीच गाळ्यात आली. त्यांचा राहिलेला चष्मा न्यायला, असं तिने सांगितलं. नलिनीने तो काढून दिला. रुक्मिणी गेली नाही. लेथपाशी उभी राहून चारी बाजूंना बघत होती.

"इतकी वर्षं संसार केला," ती म्हणाली, "पण ते इथं काय करतात ते मी कधी बघितलं नाही. तुकडे तेवढे जाळले."

नलिनीने नुकतंच भोक पाडलेला ठोकळा तिच्या हातात दिला. "इथून बघा काकी. खिडकीकडे धरून."

रुक्मिणीने दांडीला डोळा लावला. थोडी हलली, पुन्हा धरला.

"उजेड दिसतोय. बारीक."

"तेवढाच दिसायला हवा."

"ह्याच्यासाठी सगळं?"

"ह्याच्यासाठी."

रुक्मिणीने ठोकळा खाली ठेवला, चष्मा पदराला पुसला. "तुझ्यावरचा राग गेला नाही माझा," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग उभी काय राहिलीस? चहा सांग की. दोघींना."

नलिनीने पुढच्या बाजूला हाक मारून दोन चहा सांगितले. आणि चहा येईपर्यंत रुक्मिणी मेस्त्रींच्या स्टुलावर बसून तिचे हात बघत राहिली.